पावाला तेल, पण कधी?



घरच्या पावात ऑलिव्ह तेल घालावं का, असं कुणी विचारलं तर मी जरूर घाला म्हणेन. पण ते कधी आणि कुठे घालायचं, हे इटलीतल्या जिनोआच्या बेकरीवाल्यांकडून शिकावं. लिगुरिया हा त्यांचा समुद्राकाठचा डोंगराळ प्रांत. तिथे उतारांवर दगडी बांध घालून ऑलिव्हची झाडं लावलेली आहेत. ताज्जास्का जातीच्या फळांचं तेल सौम्य असतं, आणि जिनोआचा फोकाच्या, म्हणजे बोटभर जाडीचा चपटा पाव, अशाच तेलावर पोसलेला आहे. लोक सकाळी तो कॅपुचिनोत बुडवूनही खातात.

मैद्यात पाणी पडलं की त्यातली प्रथिनं गुंतत जाऊन ग्लुटेनची लवचिक जाळी बनते. यीस्टमुळे तयार झालेला वायू हीच जाळी धरून ठेवते. तेल आधी ओतलं तर ते प्रथिनांवर बसतं आणि जाळी नीट विणली जात नाही. शंकरपाळ्यांना आपण मोहन घालतो ते याचसाठी, खुसखुशीत व्हाव्यात म्हणून. पावाला ते नको. अर्धा किलो मैदा, 350 मिलिलिटर पाणी, 10 ग्रॅम मीठ आणि यीस्ट आधी मळून घ्यावं. गोळा ताणला जाऊ लागला की मग 2 टेबलस्पून तेल थोडंथोडं मुरवावं. एवढ्याने पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो.

खरी गंमत पुढे आहे. फुगलेला गोळा तेल लावलेल्या ट्रेमध्ये पसरून बोटांनी खोल खळगे पाडतात, आणि वरून पाणी, मीठ व ऑलिव्ह तेल घुसळून ओततात. या मिश्रणाला सालामोया म्हणतात. पाहणाऱ्याला वाटतं, आता सगळा लगदा होणार! पण खळग्यांतलं पाणी आटेपर्यंत तिथला भाग पांढरा, मऊ राहतो, उंचवटे तांबूस होतात आणि तळ तेलात खरपूस होतो.

एवढ्या आचेवर तेल जळेल, ही भीती अनेकांना वाटते. ओव्हन 220 अंश सेल्सिअसवर असला, तरी ओल आहे तोवर पावाचा आतला भाग 100 अंशांच्या वर जात नाही. वरच्या तेलाचा वास थोडा उडतो, म्हणून पाव बाहेर काढल्याबरोबर ब्रशने ताजं तेल फिरवावं.

बाटलीवरचं नाव मात्र नीट वाचा. ‘पोमेस’ तेल फळं पिळून उरलेल्या चोथ्यापासून काढून शुद्ध करतात. त्याला वास जवळजवळ नसतो. एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे फळं नुसती पिळून काढलेलं अव्वल तेल, महाग वाटलं, तर मळताना खुशाल सूर्यफुलाचं तेल वापरा आणि एक्स्ट्रा व्हर्जिन वरून ओतण्यासाठी राखून ठेवा.