काम मागें ठेवण्याचें शास्त्र



'आजचें काम उद्यांवर ढकलूं नये' हा उपदेश मीं शिक्षकाच्या नात्यानें विद्यार्थ्यांना इतक्या वेळां केला आहे, कीं आज त्याच्या उलट बाजूनें चार शब्द बोलतांना थोडा संकोच वाटतो. परंतु जें यंत्र आपल्या घराघरांत, नव्हे खिशाखिशांत, येऊन बसलें आहे, त्याच्या कारभाराचा मोठा भाग काम योग्य रीतीनें मागें ठेवण्यावरच चालतो. तें यंत्र म्हणजे संगणक.

संगणकाच्या साऱ्या साधनांवर देखरेख करणाऱ्या मुख्य आज्ञावलीला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. लिनस टोर्वाल्ड्स यांनीं १९९१ सालीं फिनलंडमध्यें आरंभिलेली लिनक्स ही त्यांपैकीं एक. अँड्रॉइड जातीच्या मोबाइल फोनांच्या गाभ्याशीं तीच आहे. दूरच्या यंत्राकडून येणारा मजकूर लहान लहान तुकड्यांनीं येतो. त्यांना आपण पाकिटें म्हणूं. तीं उतरवून घेणारें साधन म्हणजे नेटवर्क कार्ड, आणि त्या कार्डाशीं व्यवहार करणारा आज्ञावलीचा भाग म्हणजे ड्रायव्हर.

पाकीट आलें कीं कार्ड तें स्मृतींतील एका ठराविक जागीं ठेवतें आणि प्रोसेसरला हांक मारतें. या हांकेला इंटरप्ट असें नांव आहे. हांक ऐकतांच प्रोसेसर हातचें काम तसेंच ठेवून धांवतो. आतां येथें मर्म आहे. या धांवपळींत जितका वेळ जाईल तितका वेळ बाकीचीं कामें खोळंबतात. म्हणून लिनक्समध्यें कामाचे दोन भाग पाडले आहेत. पहिला भाग अगदीं थोडका : हांक पोहोंचली अशी पावती देणें आणि 'काम शिल्लक आहे' अशी खूण करणें. पाकीट उघडणें, पत्ता तपासणें, ज्याचें त्याला पोंचविणें हा दुसरा भाग. तो किंचित् मागाहून होतो. तव्यावर पोळी असतां दाराची कडी वाजली, तर गृहिणी टपाल घेऊन कोनाड्यांत ठेवते. तेथेंच उभी राहून पत्र वाचीत बसत नाहीं. तसाच हा प्रकार.

मागें ठेवलेल्या कामांतही दोन वर्ग आहेत. पाकिटें पोंचविण्यासारखीं घाईचीं कामें 'सॉफ्टआयआरक्यू' नांवाच्या व्यवस्थेंत लवकरच उरकलीं जातात. मात्र तीं चाललीं असतां मध्येंच कशाची वाट पाहत थांबण्याची मुभा नसते. बिघडलेलें कार्ड पुन्हां पहिल्यापासून चालूं करणें यासारखीं रेंगाळणारीं कामें 'वर्कक्यू' नांवाच्या रांगेंत जातात. तेथें थांबतां येतें, कारण तेथील कामकरी इतर कार्यक्रमांप्रमाणेंच आपल्या पाळीनें चालतात.

एवढ्यानें सारें सुरळीत व्हावें. परंतु १९९६ सालीं जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन या दोन संशोधकांनीं एक विलक्षण दोष पुढें मांडला. सेकंदाला एक अब्ज बिट वाहून नेणाऱ्या तारेवर लहानांत लहान पाकिटें येऊं लागलीं, तर तीं सेकंदाला सुमारें १४ लाख ८८ हजार होतात. प्रत्येक पाकिटाला एक हांक, आणि प्रत्येक हांकेला एक धांव! अशा वेळीं प्रोसेसर नुसता दाराशीं धांवत राहतो. कोनाडा भरून वाहतो. आंत घेतलेलीं पाकिटें, त्यांवर श्रम होऊन गेल्यानंतर, टाकून द्यावीं लागतात. आणि ज्या कार्यक्रमासाठीं तीं आलीं, त्याला पाळीच मिळत नाहीं. यंत्र क्षणभरही स्वस्थ नाहीं, तरी निष्पन्न शून्य.

यावरचा उपाय जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सेय कुझ्नेत्सोव्ह यांनीं २००१ सालीं लिनक्ससाठीं मांडला. त्याला 'नॅपी' म्हणतात. पहिल्या हांकेसरशीं ड्रायव्हर कार्डाला सांगतो, 'आतां हांका बंद. मीच येऊन पाहीन.' मग प्रोसेसर आपल्या सवडीनें पाकिटें उचलतो. पण येथेंही मर्यादा आहे. सामान्यतः एका कार्डाकडून एका पाळीस ६४ पाकिटें, आणि साऱ्या कार्डांचीं मिळून एका फेरींत ३००. शिवाय कांहीं थोड्या मिलिसेकंदांची कालमर्यादा. मर्यादा संपली आणि काम उरलें, तर तें पुढच्या फेरीला. काम सरतच नसेल, तर तें एका स्वतंत्र कामकऱ्याकडे सोंपविलें जातें, आणि त्याला इतरांबरोबर रांगेंत उभें राहावें लागतें. सर्व पाकिटें संपलीं म्हणजे हांका पुन्हां चालूं होतात.

पूर फारच आला, तर कार्डाची जागा भरते आणि पुढचीं पाकिटें दाराबाहेरच गळतात. हें ऐकून कोणी म्हणेल, 'हा तर अन्याय!' परंतु जें टाकावेंच लागणार, तें श्रम खर्चण्यापूर्वीं टाकणें हेंच शहाणपण. आणि पुष्कळशा व्यवहारांत गळलेलें पाकीट पाठविणारें यंत्र तें पुन्हां पाठवितेंच.

या मर्यादेचे आंकडे कांहीं ब्रह्मवाक्य नव्हेत. यंत्राचा व्यवस्थापक ते बदलूं शकतो. मर्यादा फार तोकडी ठेवली तर पाकिटें उगाच गळतात. फार सैल ठेवली तर त्याच यंत्रावर चाललेलें कोणाचें संभाषण अडखळतें, कोणाचा हिशेब रखडतो. दाराशीं आलेल्याला न्याय द्यावयाचा, पण घरांत बसलेल्याला उपाशी ठेवून नव्हे, हा तोल प्रत्येक यंत्राला आपापल्या कामाप्रमाणें साधावा लागतो.

तेव्हां आळशी मनुष्य काम पुढें ढकलतो आणि हें यंत्रही ढकलतें. मग भेद कोठें? आळशी मनुष्य ढकललेल्या कामाची खूण ठेवीत नाहीं, आणि त्याला पुन्हां हात घालण्याची वेळ नेमीत नाहीं. यंत्र या दोन्ही गोष्टी न चुकतां करतें. म्हणून विद्यार्थ्यांना दिलेला तो जुना उपदेश मी मागें घेत नाहीं. त्याला एवढीच पुस्ती जोडतों, कीं काम मागें ठेवावयाचेंच असेल, तर तें नोंदवून आणि पाळी नेमून ठेवावें.