सर्पोद्यानाच्या पाटीवरच्या बहिणाबाई

चिंचवडच्या संभाजीनगरात उतरून 'सर्पोद्यान कुठंय?' असं विचारलंत, तर कुणीही बोट दाखवील. पाटीवरचं पूर्ण नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. ते आहे, 'निसर्गकवी बहिणाबाई चौधरी प्राणिसंग्रहालय'. आसपास लेथ, प्रेस आणि फॅब्रिकेशनची शेडं, आणि मधोमध जळगावच्या एका शेतकरणीचं नाव. बहिणाबाईंचा जन्म नागपंचमीचा, असं सांगतात. त्या हिशेबानं सापांची संगत त्यांना जन्मापासूनचीच म्हणायची!

माझं भांडण आहे ते 'निसर्गकवी' या शब्दाशी. निसर्ग बघायला माणूस सुट्टीत जातो. बहिणाबाईंना कुठली सुट्टी? १८८० साली असोद्याला जन्म, लहानपणीच लग्न होऊन जळगावला आल्या, ऐन उमेदीत वैधव्य, आणि मग शेत, घर, मुलं. अक्षरओळख नाही. त्यांच्या गाण्यांची नावंच बघा ना : पेरनी, कापनी, रगडनी, उपननी. हा तर शेतावरच्या वर्षभराच्या कामाचा तक्ता झाला!

त्यातलं उपणणीचं काम आता नव्या पोरांना दाखवायचं तरी कुठं? बैलांच्या पायांखाली कणसं रगडून झाली की खळ्यावर दाणा आणि भुसा एकत्र पडलेला असतो. सूप भरून डोक्याच्या वर धरायचं आणि हळूहळू ओतायचं. वारा असेल तर भुसा लांब उडतो, दाणा पायाशी पडतो. वारा पडला की सगळं काम ठप्प. दंड भरून येतात, घामाला कुसळं चिकटतात, नजर झाडाच्या शेंड्याकडे, पान हलतंय का म्हणून. हात गुंतलेले, तोंड तेवढं मोकळं. बहिणाबाईंचं गाणं अशा वेळचं आहे. म्हणून त्याला कामाचा ठेका आहे आणि दमही कामाचाच.

मुलगा सोपानदेव आणि एक नातलग यांनी ही गाणी ऐकून वहीत उतरवून ठेवली म्हणून वाचली. ३ डिसेंबर १९५१ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. स्वतःचं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं.

बाकीच्या बायांना सोपानदेव मिळाले नाहीत. आपल्या शेजारच्या मावळ-मुळशीतल्या बाया पहाटे जात्यावर ओव्या म्हणायच्या. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन अशा ओव्या गोळा केल्या, तेव्हा आकडा लाखावर गेला. कुठली ओवी मुळात कुणाची, हे आता कोण सांगणार?

आता पुन्हा त्या पाटीकडे येऊ. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढं एमआयडीसी आली, आणि जळगाव-भुसावळकडची माणसं कपाशीची शेतं मागं ठेवून भोसरी-चिंचवडला आली. पाटीवरचं नाव त्यांच्या घरच्या बोलीत गाणाऱ्या बाईचं आहे. पण प्रेसच्या दणदणाटात, कानात बोळे घालून उभ्या असलेल्या माणसाला गाणं सुचलं, तरी शेजारच्याला ऐकू जायचं नाही. खळ्यावर ते जात होतं.

चाकणच्या बाजाराला अजून कांदा-बटाटा येतो, म्हणजे त्यामागं लावणीला वाकणाऱ्या बायाही आहेतच. तुमच्या घरी अशी आई-आजी असेल, तर तिच्यापुढं मोबाइल चालू करून बसा. नुसतं गाणं टिपून थांबू नका. ते कुठल्या कामाचं, लावणीचं, खुरपणीचं की दळणाचं, तेवढं तिला विचारून घ्या.