स्लॅब पडायच्या आधी बोला

आजचा एपिसोड साइटवरच्या लोकांसाठी आहे. डिप्लोमा करून पहिल्या साइटवर लागलेले सिव्हिलवाले, वडिलांचा ठेका हातात घेतलेली मुलं, मुकादम, आणि गावी बांधकाम काढून शहरातून फोनवर लक्ष ठेवणारे माझ्यासारखे चाकरमानी.

मी सिव्हिलवाला नाही. बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण माझं गाव देवबाग, तिथे घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या चालल्यात, त्यासाठी बाबांनी कर्ज काढलंय, आणि मेस्त्री आणि घर यांच्यामधला फोन मी आहे. आमच्याकडे कोडमध्ये घोळ झाला तर रात्री दोन वाजता जुनं व्हर्जन परत चढवता येतं. स्लॅबचं तसं नाही. म्हणून साइटवरच्या प्रत्येक वाक्याला एक मुदत असते. ती टळली की तेच वाक्य फक्त भांडण होतं.

आता देवबाग डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये चिंचोळी पट्टी. चिरा, खडी, सिमेंट, सळई, सगळं तारकर्लीकडून येणाऱ्या एकाच अरुंद रस्त्याने. चुकीचा माल उतरला तर परतीचं भाडं कोणीतरी भरतंच. त्यामुळे इथे आधी विचारणं स्वस्त पडतं.

सुरुवात शब्दांपासून करू. 'ब्रास' घ्या. वाळू-खडीला ब्रास म्हणजे १०० घनफूट. प्लास्टरला ब्रास म्हणजे १०० चौरसफूट. एकच शब्द, दोन मापं. हे बहुतेकांना माहीत असतं. पण प्लास्टर मोजताना दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही? मापांसाठी आयएस १२०० हे मानक आहे, त्यात लहान आणि मोठ्या उघड्या जागांना वेगवेगळे नियम आहेत. गावातल्या मेस्त्रीची पद्धत त्याहून वेगळी असू शकते, आणि ती चुकीची असते असं नाही. फक्त ती पहिल्याच दिवशी तोंडाने विचारून घ्यायची. स्लॅबच्या स्क्वेअर फुटात छज्जा धरला का, जिना धरला का, सेंट्रिंग कोणाचं, पाणी कोण मारणार. दर हा प्रश्न यानंतर येतो. माझं स्पष्ट मत आहे की दरावर अर्धा तास घासाघीस करून मापावर दोन मिनिटंही न बोलणारा मालक स्वतःचं नुकसान करून घेतो.

दुसरा शब्द आमच्या मालवणीतला. "बगूया." तुम्ही मेस्त्रीला म्हणता, मिरगाआधी स्लॅब होईल ना? तो म्हणतो, "बगूया, होतला." पुण्या-मुंबईत वाढलेला माणूस याचा अर्थ 'हो' असा लावतो. इथल्या माणसाला कळतं की हा सभ्य नकार आहे. समोर बसून 'नाही' म्हणणं आपल्याकडे जड जातं. मग विचारायचं कसं? "होईल का?" असं विचारूच नका. "मेस्त्री, स्लॅबच्या आधी अजून काय काय बाकी हा?" असं विचारा. तो बोटं मोजायला लागतो, आणि तारीख आपोआप बाहेर येते. त्यात शिमगो, आंगणेवाडीची जत्रा, गावाकडे गेलेले बिगारी, सगळं निघतं. मोबाइलवरच्या शेड्युलमध्ये यातलं एकही नसतं.

आता भाव. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांचं १९८१ चं 'गेटिंग टू येस' नावाचं पुस्तक आहे. त्यातला मुख्य मुद्दा असा की माणूस काय मागतोय आणि त्याला ते का हवंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या मेस्त्रीने मध्येच दर वाढवून मागितला. 'देणार नाही' म्हणून फोन ठेवता आला असता. त्याऐवजी बाबांनी विचारलं, अडचण नेमकी कुठे आहे? तेव्हा कळलं की दुसऱ्या एका साइटवर त्याचे पैसे अडकलेत आणि दर आठवड्याला माणसांचा पगार भागवताना त्याची ओढाताण होतेय. म्हणजे त्याला जास्त पैसे हवे होते त्याहून वेळेवर पैसे हवे होते. मग ठरलं की दर तोच, पण झालेल्या कामाचं माप दर आठवड्याला घ्यायचं आणि त्याच दिवशी पैसे द्यायचे. बदल्यात आमची माणसं दुसऱ्या साइटवर पळवायची नाहीत. दोघांनाही परवडलं. रात्री मी तेच चार ओळींत व्हॉट्सॲपवर टाकलं आणि त्याने व्हॉइस नोटवर होकार दिला. तोंडी करारही कायद्याने करार असू शकतो, पण सहा महिन्यांनी काय ठरलं होतं ते सिद्ध करताना जीव जातो.

सगळ्याच बाबतीत मात्र देवघेव करायची नसते. काही गोष्टी टेबलावर आणायच्याच नाहीत. आमच्या किनाऱ्यावर ती गोष्ट म्हणजे सळईवरचं कव्हर. आयएस ४५६ या मानकात किनाऱ्यावरच्या हवेतलं काँक्रीट 'सिव्हिअर' गटात येतं. तिथे किमान एम३० काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर सांगितलंय. सौम्य हवेत हेच कव्हर २० मिलिमीटर चालतं. खारा वारा आत शिरला की सळई गंजते, गंज फुगतो, काँक्रीट सुटतं. आणि कव्हर ब्लॉकची किंमत पूर्ण कामात नगण्य असते!

फोटोत मला सळईखाली खडीचे तुकडे दिसले. वयाने वडिलांएवढ्या माणसाला मानकाचा नंबर तोंडावर फेकला तर काम होत नाही. मी फोनवर विचारलं, "मेस्त्री, आपल्या वाडीतल्या त्या जुन्या घराच्या छज्ज्याची सळई बाहेर कशी इली?"

"खारो वारो लागलो. कव्हर खंय होता तेका?"

"मग आपल्याक किती ठेवूया?"

थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "ब्लॉक हाडतंय उद्या." हाडतंय म्हणजे आणतो. स्लॅब दोन दिवस पुढे गेला, चालेल.

आता मालवणातलंच एक मोठं उदाहरण, आमच्यापासून दहा-बारा किलोमीटरवरचं. राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा. ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. दोष कोणाचा, ते कोर्ट ठरवेल. मी फक्त एका पत्राबद्दल बोलतोय. २० ऑगस्टला, म्हणजे सहा दिवस आधी, सार्वजनिक बांधकाम खात्याने नौदलाला पत्र लिहून कळवलं होतं की पाऊस आणि खाऱ्या वाऱ्यामुळे नटबोल्ट गंजलेत, कायमस्वरूपी उपाय करा.

म्हणजे दिसलं होतं, लिहिलंही होतं. पत्र गेलं म्हणजे काम झालं असं आपण धरतो. खासगी साइटवरही हेच चालतं. "मी ग्रुपवर टाकलं होतं ना!" अरे, त्या ग्रुपवर साठ गुड मॉर्निंग येतात. धोक्याची बातमी ग्रुपवर टाकायची नसते. ज्याच्या हातात काम थांबवायचा अधिकार आहे त्याला फोन करायचा, आणि मग त्यालाच लिहायचं. काय दिसलं, नेमकं कुठे, फोटो, कधीपर्यंत उत्तर हवं, आणि उत्तर येईपर्यंत काय बंद ठेवतोय. शेवटचा मुद्दा बहुतेक जण गाळतात, कारण तो लिहायला धीर लागतो.

नवीन लागलेल्या ज्युनिअरसाठी एक नमुना सांगतो, असाच्या असा वापरा: "सर, मागच्या बाजूच्या बीमला कव्हर १५ मिलिमीटरच दिसतंय, फोटो जोडलाय. उद्या सकाळी ९ ला काँक्रीट आहे. आज संध्याकाळी ६ पर्यंत तुम्ही बघून सांगा. तोपर्यंत मी मिक्सर बोलावत नाही."

सर चिडतील कदाचित. चिडू देत. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.