प्लेटलेट घटविणारा एक दुर्मीळ रक्तविकार व त्यावरील नेमके उपचार
(प्राथमिक आरोग्य केंद्रांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



ताप, अंगावर जांभळे ठिपके आणि घटलेल्या प्लेटलेट असा रुग्ण पावसाळ्यात आला, की डेंग्यूची शंका प्रथम येते व ती बहुधा योग्यही असते. तथापि अशा रुग्णांत क्वचित एखादा असा असतो, की एका दिवसाचा विलंबही त्याच्या जिवावर बेतू शकतो. त्याच्या विकाराचे नाव थ्रॉम्बोटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा. न्यूयॉर्कचे डॉ. मॉशकोविट्झ यांनी १९२४ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले.

रक्तातील फॉन विलेब्रँड घटक हे प्रथिन लांब साखळ्यांच्या रूपात असते. अ‍ॅडॅम्ट्स-१३ हे विकर या साखळ्या तोडते. या विकारात शरीर त्या विकराविरुद्धच प्रतिपिंडे निर्माण करते. न तुटलेल्या साखळ्यांना प्लेटलेट चिकटून सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, मेंदू व हृदयाचा रक्तपुरवठा अडतो आणि तांबड्या पेशी फाटतात.

उपचाराविना दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण दगावतात. रक्तद्रव बदलण्याच्या उपचाराने हे चित्र पालटले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत सहा महिन्यांनंतर असे ७८ टक्के रुग्ण जिवंत होते. नुसते रक्तद्रव दिलेल्यांत हे प्रमाण ६३ टक्के होते. या उपचाराने विकर पुरविले जाते व प्रतिपिंडे काढली जातात. स्टेरॉइड व रिटुक्सिमॅब प्रतिपिंडांच्या निर्मितीस आळा घालतात. युरोपात २०१८ मध्ये व अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळालेले कॅप्लासिझुमॅब साखळी व प्लेटलेट यांचा संयोगच रोखते. १४५ रुग्णांच्या चाचणीत या रोगाने मृत्यू, रोगाचा पुनरुद्भव वा मोठी गुठळी यांचे उपचारकाळातील एकत्रित प्रमाण त्यामुळे १२ टक्के राहिले. औषधाविना ते ४९ टक्के होते. मात्र त्याने रक्तस्राव वाढतो आणि प्रतिपिंडे तशीच राहतात. म्हणून ते इतर उपचारांच्या जोडीनेच द्यावयाचे असते.

परंतु रोगाची शंकाच आली नाही, तर यांपैकी कोणताही उपचार रुग्णापर्यंत पोहोचणार नाही. प्लेटलेटबरोबर हिमोग्लोबिनही घटले असेल, कावीळ वा भ्रम दिसत असेल, तर रक्ताची काचपट्टी स्वतः पाहावी. तांबड्या पेशींचे तुकडे दिसल्यास रक्तद्रव बदलण्याची सोय असलेल्या रुग्णालयात रुग्णास तत्काळ पाठवावे. जिवावर बेतणारा रक्तस्राव नसेल, तर प्लेटलेट देऊ नयेत. त्यांनी गुठळ्या वाढण्याचे भय असते.

हा रोग ओळखण्याची पहिली संधी पुष्कळदा आपल्याच केंद्रात येते. सूक्ष्मदर्शकाखाली घालविलेली पाच मिनिटे एक जीव वाचवू शकतात, एवढे ध्यानी ठेवावे, ही विनंती.