हवामानबदल आणि घरातील संवाद



भांड्याला भांडे लागू नये, अशी आपल्या कुटुंबांची जुनी शिकवण आहे. ती मोलाची खरी. परंतु तिच्यापायी कित्येकदा आवश्यक बोलणेही राहून जाते. हवामानबदल हा असाच टाळला जाणारा विषय होय.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन-दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ धरण्यास पाच ते सात वर्षे लागतात आणि पुढे ती कित्येक दशके फळते. आज लावलेले रोप पुढील पिढीच्या हवामानात उभे राहावयाचे आहे. म्हणूनच वाडी पुन्हा कशी लावावी, हे थोरामोठ्यांनी व तरुणांनी मिळून ठरविणे अगत्याचे ठरते. प्रत्यक्षात मुंबईहून आलेला पुतण्या तापमानवाढीचा विषय काढतो. "वादळे पूर्वीही होत, आता जेवायला बस," असे काका म्हणतात आणि बोलणे तेथेच खुंटते.

अशा वेळी पुतण्याने काकांचे म्हणणे खोडू नये. वादळे पूर्वीही होत, हे सत्यच आहे. प्रश्न आहे तो त्यांच्या वारंवारतेचा. 'निसर्ग'नंतर वर्षाच्या आतच, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते'ने कोकणाला झोडपले. अरबी समुद्र तापत असून तेथील चक्रीवादळे अलीकडच्या दशकांत वाढली आहेत, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे.

तथापि आकडे मागाहून सांगावेत. प्रथम काकांना विचारावे : विहिरीचे पाणी पूर्वी केव्हापर्यंत पुरे? उधाण कोठवर येई? मृगाच्या पावसाचा भरवसा किती असे? विचारले म्हणजे वडीलधारी माणसे मोकळेपणाने बोलतात, आणि मग त्यांच्या आठवणींशेजारी पर्जन्यमापनाच्या नोंदी ठेवता येतात.

कोळसा व खनिज तेल यांच्या ज्वलनाने पृथ्वी तापत आहे, हे शास्त्रीय सत्य घरातील शांततेसाठी लपवू नये. पण ते एकाच बैठकीत सर्वांना पटावे, असा आग्रहही नको. वाऱ्याच्या बाजूस सुरू व उंडीची रांग लावावी, सारी भिस्त एकाच पिकावर ठेवू नये, यावर तरी एकमत होऊ शकते. रोपे आणण्यापूर्वी एवढे बोलणे प्रत्येक वाडीत व्हावे.