परक्याचा शब्द आणि मतदाराचा कौल

सुरत हे नाव उच्चारताच मराठी माणसाला शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० या दोन स्वाऱ्या आठवतात. याच शहराशी निगडित असलेले १७७५ हे साल मात्र तो सहसा आठवीत नाही, कारण ती आठवण सुखाची नाही. नारायणरावांच्या खुनानंतर पेशवाईची वस्त्रे मिळवूनही बारभाईंपुढे टिकाव न लागलेले रघुनाथराव गुजरातेत आले आणि मार्च १७७५ मध्ये त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. इंग्रजांनी अडीच हजार फौज देऊन त्यांना पुण्याच्या गादीवर बसवावे आणि त्याबदल्यात साष्टी व वसई घ्यावी, असा तो सौदा होता. ठाण्याचा किल्ला तर इंग्रजांनी तहापूर्वीच, डिसेंबर १७७४ मध्ये, घेतला होता. पुढे १७८२ च्या सालबाईच्या तहाने रघुनाथरावांना सालिना तीन लाखांची नेमणूक मिळाली, पेशवाई मिळाली नाही. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. परक्याच्या आधाराने सत्ता मिळवू पाहणाऱ्याच्या हाती सत्ता येवो वा न येवो, आधाराची किंमत चुकत नाही, हा या तहाचा धडा होय.

त्या काळी रयतेला कोणी विचारीत नव्हते. आज सत्ता मतदाराच्या हाती आहे. म्हणून दुसऱ्या देशाचा कारभार आपल्या सोयीचा करू पाहणाऱ्याला आता दरबार नव्हे, तर मतदाराचे मन गाठावे लागते. मग परक्याने मतदाराशी बोललेला प्रत्येक शब्द सुरतेच्या तहासारखाच निषिद्ध मानावा काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी एक प्रसंग ध्यानी घेतला पाहिजे. त्या प्रसंगी परक्या देशातील मतदारांचे मन वळवायला गेलेली माणसे आपली होती.

१८८५ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये पार्लमेंटची निवडणूक व्हावयाची होती. हिंदुस्थानचा कारभार त्या पार्लमेंटच्या हाती, पण हिंदी माणसाला तेथे मत नाही, अशी स्थिती होती. तेव्हा मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील सार्वजनिक संस्थांनी तीन प्रतिनिधी विलायतेस पाठविले. मुंबईतर्फे 'इंदुप्रकाश'च्या इंग्रजी विभागाचे संपादक नारायण गणेश चंदावरकर, बंगालतर्फे मनमोहन घोष आणि मद्रासतर्फे सेलमचे रामस्वामी मुदलियार गेले. चंदावरकरांचे वय तेव्हा तिशीच्या आत होते. वाढता लष्करी खर्च, कायदेकौन्सिलांत हिंदी लोकांना नसलेले स्थान, सनदी परीक्षेसाठी एकोणीस वर्षांवर आणून ठेवलेली वयोमर्यादा, ही गाऱ्हाणी इंग्रज मतदाराच्या कानी घालावीत, हा त्यांचा हेतू होता. कोणते उमेदवार हिंदुस्थानचे हितकर्ते व कोणते नव्हेत, हेही मुंबईत जाहीरपणे नावे घेऊन सांगण्यात आले. मुंबईचे माजी गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल हे दुसऱ्या यादीत होते.

फळ काय मिळाले? टेंपल निवडून आले. डेप्टफर्ड येथून उभे असलेले लालमोहन घोष पडले. चंदावरकरादिकांनी ज्यांना हात जोडले, त्या मतदारांपुढे त्या वेळी आयर्लंडचा प्रश्न मोठा होता. तथापि हा प्रयत्न व्यर्थ गेला असे म्हणता येत नाही. मूळच्या नवसारीच्या पारशी घराण्यातील दादाभाई नौरोजी १८८६ मध्ये हॉलबर्न येथे पराभूत झाले. १८८८ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॅलिस्बरी यांनी त्यांचा 'काळा माणूस' असा उल्लेख केला. तो शब्द कित्येक इंग्रजांनाच लागला, आणि १८९२ मध्ये फिन्सबरीच्या मतदारांनी दादाभाईंना फेरमोजणीअंती पाच मतांच्या आधिक्याने पार्लमेंटात पाठविले.

या माणसांचा मार्ग उघडा होता. त्यांनी आपले नाव सांगितले, आपला हेतू सांगितला, व्यासपीठावर उभे राहून ते बोलले. ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारण्याची आणि 'नाही' म्हणण्याची मोकळीक होती. ती मोकळीक हीच खरी कसोटी आहे.

अलीकडच्या दोन उदाहरणांनी हे अधिक स्पष्ट होईल. २००४ मध्ये लंडनच्या 'गार्डियन' या वृत्तपत्राने आपल्या वाचकांना अमेरिकेतील ओहायो राज्याच्या क्लार्क काउंटीमधील मतदारांना पत्रे लिहिण्याचे आवाहन केले. अमेरिकेच्या अध्यक्षाचे बरेवाईट सगळ्या जगाला भोगावे लागते, तेव्हा जगाने बोलावे, असा युक्तिवाद होता. तेथील अनेकांना हा उपदेश रुचला नाही व त्यांनी तो रोखठोक शब्दांत परत पाठविला. २००० मध्ये अल गोर यांना कौल देणाऱ्या त्या काउंटीने त्या वर्षी बुश यांना आधिक्य दिले. पत्रे आगाऊ असतील, पण ती कोठून आली हे मतदाराला ठाऊक होते, म्हणूनच तो ती झिडकारू शकला. २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीत रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील एका संस्थेची माणसे समाजमाध्यमांवर अमेरिकन नागरिकांची सोंगे घेऊन लिहीत होती, असे तेथील तपासात निष्पन्न झाले. आपल्या शेजाऱ्याशी बोलत आहोत असे वाटणाऱ्या वाचकाला झिडकारायचे कोणाला, हेच कळत नव्हते.

आपल्या देशात उमेदवारांनी व पक्षांनी परदेशी पैसा घेऊ नये, असा निर्बंध १९७६ च्या कायद्याने घातला व २०१० च्या कायद्याने तो कायम ठेवला. परंतु २०१६ मध्ये 'परकीय स्रोत' या शब्दाची व्याख्या सैल झाली आणि २०१८ मध्ये ती सवलत थेट १९७६ पर्यंत मागे नेण्यात आली. कुंपण घालणाऱ्यांनीच ते सैल केले, ही गोष्ट कोणत्याही एका परकीयाच्या कारवाईपेक्षा अधिक विचार करण्याजोगी आहे. सुरतेचा तह होण्यासही इंग्रजांची लालसा एकटी पुरेशी नव्हती. तह मागणारा घरचाच होता.

परक्याचा शब्द कानी पडू नये म्हणून दारे बंद करणे शक्य नाही आणि इष्टही नाही. चंदावरकरांना इंग्लंडने दार बंद केले असते तर ते अन्यायाचेच ठरले असते. बोलणारा कोण, त्याचा खर्च कोण करतो, आणि त्याला उत्तर देता येते की नाही, एवढे तीन प्रश्न मतदाराने विचारले पाहिजेत. वाचनालयात परस्परविरोधी मतांची वृत्तपत्रे एकाच मेजावर शेजारी शेजारी ठेवलेली असतात आणि प्रत्येकावर संपादकाचे व प्रकाशकाचे नाव छापलेले असते. हे तीन प्रश्न विचारण्याची सवय तेथेच लागते. शंभर वर्षे ते मेज मांडून ठेवणाऱ्यांचे हे कार्य म्हणूनच लहान नव्हे.