"ह्यात हाय कोण?" : जुन्या वाकळीत नवं डिझाइन शोधताना

आजचा विषय गोधडी. कुणी म्हणेल, हा काय ऐकायचा विषय आहे, हा तर झोपायचा विषय! पण तुमच्यातले बरेच जण विचारतात, "गोधडी शिवायचीय, डिझाइन कुठून आणू?" उत्तराआधी माझी फजिती ऐका.

तीन वर्षांपूर्वी मी पहिली गोधडी शिवली. मोबाइलवर एक झकास फोटो बघितला, दुकानातून सहा रंगांचं कोरं सुती कापड आणलं, त्रिकोण कापले आणि महिनाभर शिवत बसले. मग मिरवत ती आजीकडे नेली. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, तिकडे गोधडीला वाकळ म्हणतात. आजीनं हात फिरवला, उलटी करून टाके बघितले आणि म्हणाली, "चांगली झालीय की गं. पण ह्यात हाय कोण?"

मला काही कळेना. मग तिनं ट्रंकेतून स्वतःची वाकळ काढली आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवत गेली. हे तुझ्या आज्याचं धोतर. हे माझ्या सासूचं लुगडं. हा तुझ्या आईचा झगा.

माझी गोधडी पहिल्याच धुण्यात आटली आणि लाल रंग पांढऱ्यावर उतरला. नवं सुती कापड आटतंच. वर्षानुवर्षं धुतलेलं लुगडं आटायचं तेवढं आधीच आटलेलं असतं. म्हणजे जुनं कापड घेण्यात काटकसर होती तशी अक्कलही होती. (तुम्ही नवं कापड घेणार असाल, तर कापायच्या आधी धुवून घ्या!)

तेव्हापासून जुनी गोधडी दिसली की मी नुसता फोटो काढत नाही, तीन गोष्टी बघते.

पहिली, टाका कुठून कुठे गेलाय? आजीच्या वाकळीत धावदोरा कडेनं सुरू होतो आणि चौकोनात चौकोन करत मध्यावर येतो. वाकळ जमिनीवर पसरलेली, बाई कडेकडेनं सरकत शिवणार, मग दुसरं काय होणार?

दुसरी, तुकडा तिथेच का? तिच्या वाकळीत पायाकडे दुहेरी ठिगळं आहेत, कारण टाचा तिथेच घासतात. लुगड्याचा काठ चारही बाजूंनी फिरवलाय. दिसायला ती चौकट, पण काठाची वीण दाट असते, त्यामुळे कड लवकर विरत नाही.

तिसरी, शिवणारीनं हौसेनं काय केलंय? मधोमध एकच हिरवा तुकडा आहे. का, विचारलं तर आजी हसली. "आवडला म्हणून!"

आता जरा शेजारी जाऊ. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी समाज राहतो. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून भारतात आणलेल्या लोकांचे हे वंशज. तिथल्या बायका जुन्या कपड्यांची कवंदी शिवतात. तीही कडेकडून आत येते. पण तिच्या कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची छोटी त्रिकोणी फुलं असतात. ती लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली, असं त्या मानत नाहीत.

ही फुलं मी जशीच्या तशी उचलली तर ती नक्कल. विकायला काढली आणि त्या बायकांचं नावही घेतलं नाही, तर त्याहून वाईट. पण "माझी गोधडी पुरी झाली, हे माझा कोपरा कसं सांगेल?" हा प्रश्न मी त्यांच्याकडून घेऊ शकते. भाच्यासाठी शिवलेल्या गोधडीच्या कोपऱ्यात मी बाबांच्या जुन्या शर्टाचा खिसा लावला. पोरगं त्यात बिस्किटं ठेवतं. तेही चालतंय!

मंडळी, नक्षी डोळ्यांना दिसते, पण तिच्यामागचं कारण विचारावं लागतं. कारण कळलं की नवं डिझाइन आपोआप सुचायला लागतं.

शेवटचं. आजीला आता सुईत दोरा ओवता येत नाही. तिची वाकळ जागोजागी विरलीय. मी म्हटलं, काचेच्या फ्रेममध्ये लावू या. ती चिडलीच. "भिंतीला काय थंडी वाजतीय व्हय? आत घाल की." पूर्वी असंच करायचे. जुनी वाकळ आत, वरून नवी पानं, की झाली नवी वाकळ. गेला महिनाभर मी तेच शिवतेय. वरचं एक पान आजीच्या साडीचं आणि एक माझ्या कॉलेजच्या ओढण्यांचं. धावदोरा कडेनं आत चाललाय, आणि मधोमध एक हिरवा तुकडा, आवडला म्हणून.

या आठवड्यात घरातली एक जुनी गोधडी काढा. आजी, मावशी, जी कुणी असेल तिला शेजारी बसवा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून एवढंच विचारा, "ह्यात कोण कोण आहे?" मग ऐकत राहा. भेटू पुढच्या भागात!